‘चेरी मॅजिक’: ऑफिसातलं प्रेम असं असतं का हो? (स्पॉयलर आहेत)

शेवंती_७

नमस्कार मंडळी. तापाने चार दिवस घरी होते. ऑफिसातल्या एका ज्युनिअर मुलीने ‘ताई, डोक्याला ताप होणार नाही असं वाचा’ म्हणून युउ तोयोता यांची ‘चेरी मॅजिक’ ही मांगा (जपानी कॉमिक) पाठवली. बीएल, म्हणजे दोन पुरुषांची प्रेमकथा, मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचली. एका बैठकीत तीन भाग संपवले. ताप होताच, पण डोळे लाल व्हायचं कारण वेगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अदाची हा टोक्योतल्या एका स्टेशनरी कंपनीतला साधासुधा कारकून. तिसाव्या वाढदिवसापर्यंत ब्रह्मचारी राहिल्यामुळे त्याला जादू मिळते. ज्याला स्पर्श होईल त्याच्या मनातलं ऐकू येतं. गर्दीच्या लिफ्टमध्ये तो सेल्समधल्या कुरोसावाला टेकतो. कुरोसावा म्हणजे देखणा, हुशार, सगळ्या ऑफिसचा लाडका. आणि त्याच्या मनात अखंड एकच जप चालू: अदाची, अदाची.

मग चटक लागली म्हणून ‘सेकाइइची हात्सुकोई’ घेतली. लेखिका शुनगिकु नाकामुरा. तीही ऑफिसातलीच, एका प्रकाशनसंस्थेत घडणारी. ती मात्र घशाखाली उतरेना. ताकानो हा मुख्य संपादक, ओनोदेरा नवा आलेला. पहिल्याच प्रकरणात कामाच्या निमित्ताने हा बॉस त्याचं चुंबन घेतो! पुढे कळतं की शाळेत असताना यांचं काहीतरी होतं. पण म्हणून काय झालं?

प्रश्न असा: ऑफिसातलं प्रेम एका गोष्टीत इतकं गोड आणि दुसरीत इतकं खटकणारं का वाटतं? की मीच आंटी झालेय?

---

बंड्या_बोरिवलीकर

मी पयला!

तिशीपर्यंत ब्रह्मचारी राहून जादू येत असती तर आमच्या हॉस्टेलचा अख्खा तिसरा मजला जादूगार रघुवीर झाला असता.

---

खारीबिस्किट

अय्या, शेवंतीताई, तुम्ही इकडे कुठे! स्वागत आहे. आता परतीची वाट नाही.

बंड्या, ही थट्टा लेखिकेची नाही. तिशीपर्यंत कोरा राहिलेला पुरुष जादूगार होतो, हा जपानी इंटरनेटवरचा जुना विनोद. तोयोतांनी तो खराच झाला तर काय, एवढंच धरलं आणि २०१८ पासून ऑनलाइन टाकायला लागल्या. २०२० साली टीव्ही टोक्योवर १२ भागांची मालिका आली (एइजी आकासो आणि केइता माचिदा, दोघांवर ओवाळून टाकावं), २०२२ मध्ये चित्रपट, २०२४ मध्ये ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका. मध्येच थायलंडवाल्यांनीही आपली आवृत्ती काढली.

आता मुद्दा. कुरोसावा अदाचीच्या प्रेमात पडतो त्याला लिफ्ट नव्हे, तो दारूच्या पार्टीनंतरचा प्रसंग कारण आहे. हा कायम ‘परफेक्ट’ असणारा माणूस एकदा ग्राहकांसमोर पडतो, पितो, कोसळतो, आणि अदाची त्याची डोकं टेकायची सोय करून म्हणतो की तुझी कमजोर बाजू बघून बरं वाटलं. देखण्या माणसाला कुणी त्याच्या तोंडाव्यतिरिक्त बघितलं याचंच त्याला अप्रूप. ताकानोकडे हे आहे का? आहे. पण त्यासाठी खूप वाचावं लागतं.

---

तात्या_सदाशिवपेठ

हा धागा चुकून उघडला. उघडलाच आहे तर विचारतो. पुरुषांच्या आपापसातल्या प्रेमकथा लिहायच्या बायकांनी, वाचायच्या बायकांनी. यात पुरुषांचं म्हणणं कोणी ऐकलंय का? उद्या आम्ही लिहू का, दोन जावांचं भांडण?

---

निनावी_नारळ

तात्या, लिहा की. टीव्हीवर सासू-सुनांच्या मालिका वर्षानुवर्षं पुरुषही लिहिताहेत, कोणी आक्षेप घेतल्याचं ऐकिवात नाही.

गंभीरपणे बोलायचं तर याला पन्नास वर्षांची परंपरा आहे. सत्तरच्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया या बायकांनी मुलींच्या मासिकांत मुलामुलांची प्रेमं काढली. ताकेमियांची ‘काझे तो की नो उता’ १९७६ ची. १९७८ साली ‘जून’ नावाचं या प्रकाराला वाहिलेलं मासिक निघालं. मुलींच्या गोष्टीतली नायिका रडणार, वाट बघणार आणि शेवटी लग्न करणार हे ठरलेलंच असायचं. दोन्ही पात्रं मुलगे केली की त्या चौकटीतून सुटका. वाचणाऱ्या बायका स्वतःला गमतीने ‘फुजोशी’ म्हणवतात. ‘बायाबापड्या’ अशा अर्थाच्या शब्दातलं एक अक्षर बदलून ‘सडक्या बाया’.

आम्हीही सडक्याच. तुमच्या पेठेतल्या पाट्यांइतक्या नाही, पण आहोत. हलके घ्या.

---

बंड्या_बोरिवलीकर

तात्या आउट. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

योकोहामाची_सून

इथे जपानमधल्या ऑफिसात अकरा वर्षं घालवली, म्हणून थोडं.

मांगातलं ऑफिस बऱ्यापैकी खरं आहे. सिनिअर उराबे स्वतःचं काम अदाचीच्या टेबलावर ढकलून निघून जातो, आणि अदाचीला नाही म्हणता येत नाही. हे शंभर टक्के खरं. पार्टीतला ‘राजाचा हुकूम’ खेळ, ज्यात दोघांना चुंबन घ्यायला सांगतात आणि अदाची पांढराफटक पडतो, तेही खरं. माझ्या पहिल्या वर्षअखेरीच्या पार्टीत मला मराठी गाणं म्हणायला लावलं होतं. मी ‘येरे येरे पावसा’ म्हटलं. कोणाला कळणार होतं!

खरं नाही ते हे, की गोष्टीत जवळपास सगळे चांगले निघतात. प्रत्यक्षात लोक वाईट वागत नाहीत, गप्प राहतात, आणि ते गप्प राहणं फार जड असतं. जून २०२० पासून इथे मोठ्या कंपन्यांना अधिकाराच्या जोरावर होणारा छळ रोखणं बंधनकारक झालं, छोट्यांना एप्रिल २०२२ पासून. त्यासोबतच्या मार्गदर्शक सूचनांत एखाद्याचा लैंगिक कल त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्यांना सांगणं हाही छळ धरलाय. मालिका २०२० च्याच ऑक्टोबरात आली. लग्नाचा कायदा अजून नाही, टोक्यो महानगराने नोव्हेंबर २०२२ पासून जोडीदार म्हणून नोंद देणं सुरू केलंय, बस.

---

एचआर_आजीबाई

मी निवृत्त व्हायला आलेली मनुष्यबळवाली. माझं सरळ मत. ताकानो माझ्या कंपनीत असता तर दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये असता. आणि गंमत बघा, ओनोदेरा आपल्याकडे नोकरीला असता तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली त्याला तक्रार करता आलीच नसती. तो कायदा ‘पीडित महिला’ असं म्हणतो. पुरुषाला कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहावं लागतं, आणि ते सगळीकडे नसतं.

बॉस आणि हाताखालचा यांच्यात प्रेम होतच नाही असं मी म्हणत नाही. दोन लग्नं तर मीच जमवलीत. पण दोन्ही वेळा आधी एकाची बदली केली, मग पेढे खाल्ले. अप्रेझल ज्याच्या हातात आहे त्याने ‘आवडतोस’ म्हणणं ही वेगळी भाषा असते. समोरच्याचं ‘हो’ खरं की पगाराचं, हे त्यालाही कळत नाही.

---

खारीबिस्किट

आजी, मान्य, पण ही गोष्ट आहे, सेवाशर्तींची पुस्तिका नाही. ‘सेकाइइची’ २००६ ची. तेव्हा या प्रकारात एकाने धसमुसळेपणा करायचा आणि दुसऱ्याने ‘नको नको’ म्हणत विरघळायचं हा साचाच होता. आपल्या जुन्या सिनेमात हिरो हिरोइनचा पदर धरायचाच ना?

शिवाय ऑफिसचं काम म्हणून बघितलं तर ती ‘चेरी मॅजिक’पेक्षा सरस आहे. ओनोदेरा बापाची प्रकाशनसंस्था सोडून येतो, कारण तिथे लोक वशिल्याचा म्हणतात. त्याला साहित्य हवं असतं, मिळतो मुलींच्या मांगाचा विभाग. छपाईची मुदत, उशीर करणारे चित्रकार, रात्री तीनला चाललेली दुरुस्ती. हा माणूस हळूहळू काम शिकतो आणि त्याला ते आवडायला लागतं. अदाची स्टेशनरी कंपनीत नेमकं काय करतो हे मला अजून कळलेलं नाही.

---

शेवंती_७

@खारीबिस्किट, स्टेशनरीच्या कल्पनांच्या स्पर्धेत भाग घेतो की!

पण जुना सिनेमा म्हणालीस तिथेच माझी गोची आहे. तो पदर धरणारा हिरो बारा वर्षांची असताना मला आवडायचा. मग नोकरी लागली.

---

शेजारच्या_टेबलावरचा

सगळे ताकानोच्या मागे लागलेत. मला उलटं वाटतं. अदाची जे करतो ते जास्त वाईट नाही का? कुरोसावाने वर्षानुवर्षं मनात जपलेली गोष्ट हा फुकटात ऐकतो. त्याला कधी भूक लागली, काय स्वप्नं बघतो, मनात काय वाह्यात विचार येतात, सगळं. आणि ऐकतोय हे सांगत नाही. समजा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईला माझं मन वाचता आलं, तर मी राजीनामा देईन. तिच्याही भल्यासाठी.

म्हणजे एकीकडे शरीराची परवानगी न घेणारा, दुसरीकडे मनाची न घेणारा. दुसरा भोळा चेहरा करून करतो म्हणून आपण त्याला माफ करायचं?

---

झाडीपट्टीचा_राजा

बाप्पा! एवढं तर आमच्या नाटकातबी नाही होत. बायकोले मनातलं ऐकू येते, तेबी स्पर्श न करता. आम्ही कोणाकडं तक्रार करावी?

---

निनावी_नारळ

@शेजारच्या_टेबलावरचा, मुद्दा बिनतोड आहे, आणि लेखिकेलाही तो ठाऊक आहे. अदाची शेवटी जादूबद्दल सांगतो, आणि सांगण्याआधी त्याला नेमकी हीच भीती खाते की मी याच्याशी वागलो ते त्याला ओळखून की त्याची उत्तरपत्रिका चोरून? तिथे गोष्ट मोठी होते. तोपर्यंत ती लाडू आहे, मान्य.

---

भाषेचा_किडा

अवांतर: कोणी हे मराठीत आणलं तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं काय कराल?

अदाची-कुरोसावा एकाच वर्षी लागलेले. एकमेकांना नुसत्या आडनावाने हाक मारतात आणि प्रेम जुळल्यावरही तेच चालू राहतं. आपल्याला हे अजिबात परकं नाही. बाबांच्या बँकेत सगळे ‘अरे कुलकर्णी’, ‘ए सावंत’ असंच बोलायचे. वीस वर्षांच्या जिगरी दोस्ताचं पहिलं नाव त्यांना त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर कळलं. त्यामुळे ‘अरे अदाची’ झकास बसेल.

अवघड जाईल ती सागान सागान यांची ‘ओल्ड फॅशन कपकेक’ ही मांगा. त्यात साहेब नोझुए ३९ वर्षांचा, हाताखालचा तोगावा २९ चा, आणि प्रेमात आहे हाताखालचा. तो साहेबाला आदराने ‘नोझुए-सान’ म्हणतो. मराठीत ‘नोझुएसाहेब, मला तुम्ही आवडता’? ‘तुम्ही’ ठेवलं तर आजीच्या काळातली सून वाटते. ‘तू’ केलं तर सगळा संकोचच गेला, आणि गोष्ट संकोचाचीच आहे.

---

एचआर_आजीबाई

तुम्हीच ठेवा हो. आमच्या ह्यांना मी अजून ‘अहो’ म्हणते, त्यात काय कमी प्रेम आहे?

जाता जाता, ही कपकेकवाली वाचायला हवी. हाताखालच्याने पुढाकार घेतला तर माझा निम्मा आक्षेप जातो. निम्मा राहतो, कारण उद्या बिनसलं तर नोकरी कोणाची जाईल ते मला माहीत आहे.

---

दोन_बसेस

इथे बारा वर्षं नुसतं वाचतोय, हा पहिलाच प्रतिसाद. सदस्यनाम आत्ता बनवलं.

मी आणि तो एकाच टीममध्ये होतो. हिंजवडी, कंपनीचं नाव नको. साल २०१६, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागायला अजून दोन वर्षं होती. आम्ही एकाच सोसायटीत राहायचो, पण सकाळी कंपनीच्या दोन वेगळ्या बस पकडायचो. तो ७:१०, मी ७:४०. फोनमध्ये त्याचं नाव ‘वॉटर टँकर’ असं सेव्ह केलं होतं. पुण्यात टँकरवाल्याचा फोन रात्री साडेअकराला आला तरी कोणी का म्हणून विचारत नाही.

तर लिफ्टबद्दल. जमण्याआधी आम्ही लिफ्टमध्ये, कँटीनच्या रांगेत, मीटिंगमध्ये खांद्याला खांदा लावून शंभर वेळा तरी उभे राहिलो असू. जादू एकदाही झाली नाही. दीड वर्ष नुसता अंदाज. तो माझ्या डब्यातली भेंडी खातो ती भेंडी आवडते म्हणून? क्रिकेट बघायला मलाच का बोलावतो? मुलीच्या बाबतीत अंदाज चुकला तर ‘सॉरी, गैरसमज झाला’ म्हणता येतं. आमचा चुकला तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याला कळतं.

म्हणून ‘चेरी मॅजिक’ वाचताना मला अदाचीची चोरी दिसली नाही. मला हेवा वाटला. तोंड उघडण्याआधी पक्कं कळणं म्हणजे काय, ते अंदाजावर जगलेल्यालाच कळेल. पण दुसऱ्यांदा वाचताना वेगळंच लक्षात आलं. जादू अदाचीला मिळाली, गरज कुरोसावाला होती. तो बिचारा आमच्यासारखा नुसत्या अंदाजावर चाललाय. आणि तरीही खेळात चुंबनाचा हुकूम निघतो तेव्हा अदाची थरथरतोय हे बघून तो कपाळावर ओठ टेकवतो आणि थांबतो. जादू नसताना त्याला कळलं. शेवंतीताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. ताकानोला थांबता येत नाही.

आमचं पुढे काय झालं तर कुणीतरी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर अतिशय सभ्य माणूस. मला बोलावून कॉफी पाजली आणि ‘तुझ्याच भल्यासाठी’ दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं, चेन्नईला. त्याला इथेच ठेवलं. योकोहामाच्या ताईंनी त्या सूचनांबद्दल लिहिलं ते दोनदा वाचलं.

---

खारीबिस्किट

...

काय लिहावं कळत नाहीये. कुरोसावाचं असं कधी वाचलंच नव्हतं मी. मी आपली त्याच्या मनातल्या आरत्यांवर हसत होते.

---

शेजारच्या_टेबलावरचा

@दोन_बसेस, माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण तो मी किती सुरक्षित खुर्चीत बसून लिहिला ते कळलं.

---

एचआर_आजीबाई

मीही ‘आधी एकाची बदली, मग पेढे’ असं टेचात लिहून गेले वर. तुमची बदली झाली, पेढे राहिले. वाईट वाटलं हो.

---

योकोहामाची_सून

@दोन_बसेस, चित्रपटात अदाचीची नागासाकीला बदली होते. तो भाग बघितला नसेल तर एकट्याने बघू नका.

---

चिमणीचं_घर

विषय थोडा वळवते, कारण एक गोष्ट मनात आहे. फुजिसाकी कोणाला आठवते का? ऑफिसातली ती शांत सहकारी. मांगात ती चक्क फुजोशी आहे, या दोघांना चोरून बघते आणि मनात टाळ्या वाजवते. म्हणजे आपणच. मालिकेत पटकथाकार एरिका योशिदा यांनी ते बदललं. तिथली फुजिसाकी प्रेमाबिमात रस नसलेली, एकटी मजेत असलेली बाई आहे. घरचे लग्नाचं विचारतात म्हणून ती ऑफिसात हसून वेळ मारून नेते. योशिदांनीच पुढे २०२२ मध्ये एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीसाठी प्रेम नको असलेल्या दोन माणसांची ‘कोइसेनु फुतारी’ लिहिली, तेव्हा हा बदल उगाच नव्हता.

मी ४१, अविवाहित, कारण नाही. दर हळदीकुंकवाला कारण मागतात. मला मालिकेतली फुजिसाकी मांगातलीपेक्षा दहापट आवडली. टाळ्या वाजवणाऱ्या भरपूर आहेत.

---

खारीबिस्किट

असहमत! टाळ्या वाजवणारी फुजिसाकी काढून टाकणं म्हणजे वाचकांचीच लाज वाटणं. मांगाने आपल्याला आत एक खुर्ची दिली होती, मालिकेने ती उचलली.

शिवाय मालिकेने शेवटच्या भागात काय केलं? बारा भाग वाट बघायला लावून लिफ्टचं दार बंद! नेमक्या क्षणी! याला काय अर्थ आहे?

---

चिमणीचं_घर

मला ते दार आवडलं. पहिल्या भागात लिफ्टमध्ये आपण कुरोसावाच्या मनात घुसलो होतो. शेवटी त्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं. बरं केलं.

---

शेजारच्या_टेबलावरचा

+१. माझी तक्रार निकाली निघाली म्हणा.

---

तात्या_सदाशिवपेठ

परवा मी इथे थोडं तिरकस लिहिलं होतं. ते राहू दे तसंच, खोडत नाही.

दोन_बसेस यांचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. मी ३४ वर्षं सरकारी कचेरीत होतो. आमच्याकडे दोन क्लार्क होते, दोघे अविवाहित, रोज एकाच डब्यात जेवायचे. आम्ही त्यांना ‘नवरा-बायको’ म्हणायचो, तोंडावर. तेही हसायचे. त्यातला एक सेवेत असतानाच वारला. दुसऱ्याने पंधरा दिवसांची रजा मागितली आणि साहेबांनी ‘नातं काय?’ असं विचारून दोन दिवसांची मंजूर केली. फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

---

दोन_बसेस

तात्या, नमस्कार.

---

शेवंती_७

मी प्रश्न टाकला आणि दोन दिवस ऑफिसच्या ऑडिटमध्ये अडकले. परत आले तर धाग्याचं भलतंच काही झालंय. सगळं वाचलं.

थांबता येतं की नाही, हे मला पटलं. त्या दृष्टीने काल रात्री ‘सेकाइइची’ पुन्हा उघडली. खारीबिस्किट, अजूनही ताकानो आवडत नाही, पण ओनोदेराचं काम शिकणं खरंच छान आहे. दुसरा भाग मागवते. आणि ज्या मुलीने मला हे वाचायला दिलं, तिने माझ्याच बाबतीत किती अंदाज बांधून, किती धीर करून दिलं असेल असं आज एकदम डोक्यात आलं. सोमवारी तिच्यासोबत जेवायला बसेन म्हणते. काही विचारणार नाहीये.

@दोन_बसेस, आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नका. तो टँकर?

---

दोन_बसेस

आता नावाने सेव्ह आहे. चेन्नईहून मी वर्षभरात परत आलो, कंपनी बदलली. समलिंगी विवाहाबद्दलचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आम्ही दोघांनी सोफ्यावर बसून लाइव्ह ऐकला, मग तो म्हणाला चल, भेळ खाऊन येऊ. खाल्ली.

चित्रपट या शनिवारी बघू. नागासाकीचा भाग तो पळवत पुढे नेणार, मला माहितीये.

---

बंड्या_बोरिवलीकर

मी पॉपकॉर्न कधीच खाली ठेवलेत, फक्त कळवायचं राहिलं.

---

तात्या_सदाशिवपेठ

सौ.ने काल पहिला भाग लावला. इंग्रजी अक्षरं खाली फार भराभर पळतात. अदाची मनात बोलतो ते कोणतं आणि तोंडाने बोलतो ते कोणतं, मला कळत नाही, आणि सौ. सांगायला थांबत नाही. वेग कमी करायची काही सोय असते का?

---

खारीबिस्किट

असते तात्या. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, चित्रांसकट.